नेमान्या विदिच : चेंडूवर आधी जाणारा बचावपटू

घाटमाथा

इंग्लिश फुटबॉलच्या प्रीमियर लीगच्या धाग्यावर बचावपटूंचा विषय निघाला की मँचेस्टर युनायटेडच्या माजी सर्बियन बचावपटू विदिचबद्दल "धिप्पाड, निडर, डोकं फुटलं तरी मागे न हटणारा" इतकंच लिहिलं जातं. एवढ्यावर त्याची बोळवण होऊ नये म्हणून हा स्वतंत्र धागा.

आधी कारकीर्द क्रमाने. जन्म २१ ऑक्टोबर १९८१, पश्चिम सर्बियातल्या उझित्सेमध्ये. लहानपणी तिथल्याच येदिन्स्त्वो आणि स्लोबोदा या क्लबांत, मग बेलग्रेडच्या रेड स्टारच्या युवा संघात. २०००-०१ चा हंगाम सुबोतित्साच्या स्पार्ताककडे उसनवारीवर. परतल्यावर २००२ चा कप, कर्णधारपद आणि २००३-०४ मध्ये लीग व कप दोन्ही. जुलै २००४ मध्ये स्पार्ताक मॉस्को. २००५ च्या नाताळात मँचेस्टर युनायटेडशी करार जाहीर झाला, रक्कम सुमारे ७० लाख पौंड, पाठीवर क्रमांक १५.

युनायटेडकडून ३०० सामने, २१ गोल. पाच लीग विजेतेपदं (२००६-०७, ०७-०८, ०८-०९, १०-११, १२-१३), तीन लीग कप, २००८ ची चॅम्पियन्स लीग. २००८-०९ आणि २०१०-११ असा दोनदा प्रीमियर लीगचा सर्वोत्तम खेळाडू. बचावपटूला हा मान एकदा मिळणंही दुर्मीळ. २०१४ मध्ये इंटर मिलान, जानेवारी २०१६ मध्ये निवृत्ती. देशासाठी ५६ सामने, २ गोल.

माझं म्हणणं असं, की विदिचची ताकद आणि त्याचा दोष या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्याच. चेंडू हवेत असतानाच तो निर्णय घ्यायचा आणि आघाडीवीराच्या आधी तिथे जायचा. पोहोचला तर धोका तिथेच संपला. नाही पोहोचला तर मागे मैदान मोकळं, नाहीतर कार्ड. जाणकारांनी भर घालावी, चुकलं असेल तिथे दुरुस्त करावं.

शब्दवेडा

उच्चाराबद्दल थोडं, कारण मराठीत हे नाव नीट लिहिता येतं आणि तरी आपण इंग्लिश समालोचक ऐकून "व्हिडिक" लिहितो. विदिच हेच बरोबर. शेवटचा च "चहा"तला. गावाच्या नावात मात्र "चाक"मधला दंत्य च आहे, म्हणून ते उझित्से. सुबोतित्साचंही तसंच. सर्बियन लिपीत या दोन ध्वनींना वेगळी अक्षरं आहेत, आपण एकाच अक्षरावर भागवतो. पहिलं नाव नेमान्या.

बॅकलाइन

छान सुरुवात. "आधी जाणं" म्हणजे नेमकं काय, ते उलगडून लिहितो.

गोलरक्षकाने लांब चेंडू मारला की बहुतेक मधले बचावपटू आघाडीवीराच्या पाठीला चिकटतात आणि तिथूनच उडी मारतात. चिकटून उभं राहिलं की धाव मिळत नाही. उडी जागच्या जागी, दोन्ही पायांवर, म्हणून कमी उंच. वर आघाडीवीर पाठीने रेटतो. विदिच चेंडू निघताना दोन-तीन पावलं मागे राहायचा, चेंडूचा अंदाज घ्यायचा, मग तिरका धावत येऊन एका पायावर उडायचा. धावेचा वेग उडीत उतरतो. समोरचा जागच्या जागी उडालेला असतो, त्यामुळे उंची सारखी असली तरी विदिचचं कपाळ वर दिसायचं.

दुसरं, हेडर (डोक्याने मारलेला चेंडू) जायचा कुठे? गोलसमोर मधोमध परत जवळजवळ कधीच नाही. बाजूला, उंच आणि लांब. मधे पडलेला अर्धवट हेडर म्हणजे गोलसमोरच्या बॉक्सच्या तोंडाशी उभ्या असलेल्याला आयता फटका.

तिसरं, क्रॉस (मैदानाच्या कडेने गोलसमोर मारलेला चेंडू) येताना त्याचं शरीर. गोलकडे पूर्ण पाठ नाही आणि चेंडूकडे पूर्ण तोंड नाही, अर्धं वळलेलं. एका नजरेत चेंडू, दुसऱ्या नजरेत माणूस. क्रॉस खालून आला तर पुढचा पाय टाकून जवळच्या खांबाकडे अडवायचा. फटका अडवताना बरेच जण तोंड वळवतात आणि चेंडू मांडीला लागून आत जातो. विदिच छाती समोर ठेवायचा. टाके पडायचे ते त्यामुळेच.

एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. तो उजव्या पायाचा, पण मधल्या बचावातला जोडीदार फर्डिनंडसोबत डावीकडे खेळायचा. डावीकडून उजव्या पायाने खेळ सुरू करताना शरीर आतल्या बाजूला उघडतं आणि रेषेलगतचा पास अवघड होतो. म्हणून तो चेंडू साधा ठेवायचा, जवळच्या डाव्या बचावपटू एव्हराला किंवा सरळ फर्डिनंडला. चाळीस यार्डांचे पास मारायची त्याने कधी हौस केली नाही, आणि मला तो गुणच वाटतो.

पेठकर

युनायटेडच्या आधीचा विदिच बघायचा असेल तर २००६ च्या विश्वचषकाची पात्रता फेरी बघा. तेव्हा देश होता सर्बिया-माँटेनेग्रो, प्रशिक्षक इलिया पेत्कोविच, गोलमध्ये येव्रिच. पुढे विदिच, क्रस्ताइच, गाव्रान्चिच आणि डावीकडे ड्रागुटिनोविच. दहा सामने, सहा विजय, चार बरोबरी आणि दहा सामन्यांत मिळून एकच गोल खाल्ला. तो माद्रिदमध्ये राऊलने केला. स्पेन गटात दुसरा आला आणि त्याला प्लेऑफ खेळावी लागली.

हे जमलं कसं? संघ मुळातच खाली बसून खेळायचा. बचावाची रेषा बॉक्सपासून फार वर नाही, चौघांमधलं अंतर कमी, पुढे दोन मधल्या खेळाडूंची भिंत. अशा मांडणीत पाठीमागे धावायला जागाच उरत नाही, क्रॉस मारणं एवढाच मार्ग राहतो. आणि क्रॉस म्हणजे विदिचचं हक्काचं रान. पुढे युनायटेडमध्ये रेषा बरीच वर गेली, म्हणून तिथे त्याला वेगळं शिकावं लागलं.

आता दुःखाची गोष्ट. १२ ऑक्टोबर २००५, बेलग्रेड, शेवटचा सामना बोस्नियाशी. १-० ने जिंकले, पात्र ठरले, पण विदिचला लाल कार्ड. त्यामुळे विश्वचषकातला नेदरलँड्सविरुद्धचा पहिला सामना निलंबनात गेला. नंतर सरावात गुडघ्याचं लिगामेंट दुखावलं आणि पुढचे दोन्हीही हुकले. दहा सामन्यांत एक गोल खाणाऱ्या संघाने जर्मनीत तीन सामन्यांत दहा खाल्ले, त्यातले सहा अर्जेंटिनाचे. मेमध्ये माँटेनेग्रोने स्वातंत्र्याचा कौल दिला होता, म्हणजे तो संघ ज्या देशाच्या नावाने उतरला तो देशच उरला नव्हता. एका विदिचने सगळं सावरलं असतं असं नाही, पण त्या चौकडीतला एक दगड निघाल्यावर बाकीचे किती हलले ते दिसतं.

घाटमाथा

पेठकर, उत्तम. एक भर : विदिचचं आंतरराष्ट्रीय पदार्पण ऑक्टोबर २००२ मध्ये इटलीविरुद्ध, तेव्हा संघाचं नाव युगोस्लाव्हिया. मग सर्बिया-माँटेनेग्रो, मग सर्बिया. एकाच खेळाडूने तीन नावांखाली खेळलेली कारकीर्द.

ऑफसाइड

विदिच मोठा होताच, पण इथे सगळं श्रेय एकट्याला मिळतंय असं वाटतं. फर्डिनंड मागे नसता तर तो इतक्या बिनधास्तपणे पुढे गेला असता का? पहिले सहा महिने आठवा. जानेवारी २००६ मध्ये आल्यावर तो मंद आणि गोंधळलेला दिसत होता.

बॅकलाइन

पहिल्या सहा महिन्यांचं कारण साधं आहे. तेव्हाचा रशियन हंगाम मार्चमध्ये सुरू होऊन नोव्हेंबरात संपायचा. म्हणजे तो आला तेव्हा जवळपास दोन महिने स्पर्धात्मक सामना खेळलेला नव्हता आणि इंग्लंडमध्ये आठवड्याला दोन सामन्यांचा मोसम ऐन भरात होता. पदार्पण २५ जानेवारीला ब्लॅकबर्नविरुद्ध लीग कपच्या उपांत्य फेरीत, तेही बदली म्हणून. लय पुढच्या हंगामात आली आणि २००६-०७ ला तो आणि फर्डिनंड दोघेही खेळाडूंनी निवडलेल्या वर्षाच्या संघात होते.

फर्डिनंडबद्दल मात्र तुमचं म्हणणं मान्य. एक जण चेंडूवर जातो तेव्हा दुसऱ्याने तीन-चार यार्ड मागे आणि आत सरकायलाच हवं. फर्डिनंड हे विदिचची धाव सुरू व्हायच्या आधी करायचा. वेग असल्याने चेंडू सुटला तरी गाठायचा. त्या दोघांमागे गोलरक्षक व्हॅन डर सार, जो रेषेवर न थांबता बॉक्सच्या टोकापर्यंत यायचा आणि पायाने नीट खेळायचा. या तिघांचा हिशोब एकत्र मांडावा लागतो. युनायटेडने लीगमध्ये खाल्लेले गोल : २००६-०७ मध्ये २७, २००७-०८ मध्ये २२, २००८-०९ मध्ये २४.

ऑफसाइड

मग २००८-०९ च्या सलग १४ क्लीन शीटचं (एकही गोल न खाल्लेल्या सामन्यांचं) श्रेय कसं वाटायचं?

घाटमाथा

संघाची ती मालिका मध्य-नोव्हेंबरात सुरू झाली आणि २१ फेब्रुवारी २००९ ला ब्लॅकबर्नच्या सांता क्रूझने मोडली, तेव्हा गोलमध्ये व्हॅन डर सार नव्हता. व्हॅन डर सारची स्वतःची १,३११ मिनिटांची मालिका ४ मार्चला न्यूकॅसलमध्ये लोव्हेनक्रान्ड्सने मोडली. त्या काळात बाकीचे बचावपटू सारखे बदलत होते, कधी एव्हन्स, कधी ओ'शे, कधी राफाएल, कधी नेव्हिल. फर्डिनंडही काही सामने बाहेर होता. विदिच मात्र कायम. त्यातच ६ डिसेंबरला संडरलंडविरुद्ध ०-० चाललं असताना भरपाई वेळेत खांबाला लागून आलेला चेंडू त्यानेच आत ढकलला. क्लीन शीट राखणाऱ्यानेच सामनाही जिंकून दिला.

पण व्हॅन डर सारची मालिका तुटल्यानंतरचे दहा दिवस मला जास्त बोलके वाटतात.

११ मार्च, ओल्ड ट्रॅफर्ड, मोरिन्योचा इंटर मिलान. चौथ्या मिनिटाला गिग्जचा कॉर्नर, विदिचचा हेडर, १-० (शेवटी २-०). १४ मार्च, तेच मैदान, लिव्हरपूल. रोनाल्डोच्या पेनल्टीने युनायटेड पुढे. मग श्कर्तेलने मागून उंच चेंडू भिरकावला. इथे विदिचने जे कधी करायचं नाही ते केलं. धावत जाऊन हेडर न मारता चेंडूला टप्पा पडू दिला, तेही आपल्या गोलकडे तोंड करून. टप्पा पडला आणि लिव्हरपूलचा आघाडीवीर टोरेस खांद्यापासून निसटला. २८ वं मिनिट, १-१. ७६ व्या मिनिटाला जेरार्ड सुटतोय म्हणून त्याला ओढलं, थेट लाल कार्ड. त्या फ्री किकवर ऑरेलिओचा गोल. शेवट १-४.

म्हणून माझा मुद्दा पुन्हा तोच. त्या दिवशी तो फार आक्रमक झाला म्हणून चुकला नाही. एकदा थांबला म्हणून चुकला.

शिट्टी

लाल कार्डांचा हिशोब नियमानुसार मांडतो, कारण "टोरेसने विदिचला संपवलं" हे वाक्य जरा सरधोपट आहे.

लीगमध्ये लिव्हरपूलविरुद्ध चार वेळा बाहेर. सप्टेंबर २००८ अॅनफिल्ड, दुसरं पिवळं, शेवटच्या मिनिटांत. मार्च २००९ थेट लाल, स्पष्ट गोलसंधी हिरावल्याबद्दल. ऑक्टोबर २००९ पुन्हा दुसरं पिवळं, तेही अखेरीस. मार्च २०१४ पुन्हा दुसरं पिवळं, स्टरिजवर. म्हणजे चारातली तीन दुसऱ्या पिवळ्याची. हा एका आघाडीवीराचा धसका नाही. पहिलं पिवळं मिळाल्यावरही तो आपली पद्धत बदलत नव्हता, हे खरं कारण. पिवळं मिळालेल्या बचावपटूने काय करायचं? जमिनीवर सरकून टॅकल बंद. हात आघाडीवीराच्या खांद्यावरून खाली. आणि जोडीदाराला आधी जायला सांगून स्वतः मागची जागा घ्यायची, म्हणजे भूमिका उलट. विदिच ही अदलाबदल करायचा नाही, कारण मागची जागा राखणं हा त्याचा पिंडच नव्हता.

डिसेंबर २००८ च्या क्लब विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातही तो कोपर मारल्याबद्दल ४९ व्या मिनिटाला बाहेर गेला. इक्वाडोरच्या लिगा दे कितोविरुद्ध युनायटेडने दहा जणांनिशी रूनीच्या गोलवर १-० जिंकलं.

आणि २०१० चा विश्वचषक. १८ जून, जर्मनीविरुद्ध, १-० ने पुढे असताना विदिचचा हात वर आणि चेंडू हाताला. पाचच दिवसांपूर्वी घानाविरुद्ध कुझ्मानोविचच्या हाताने तशीच पेनल्टी जाऊन सामना गेला होता. या वेळी स्तोय्कोविचने पोडोल्स्कीची पेनल्टी अडवली म्हणून सर्बिया जिंकला. उडी मारताना तोल सावरायला हात वर जातात हे खरं, पण हेडरच्या उडीत हात आडवे उघडायचे, डोक्याच्या वर नाही. उडीच्या सवयीतला हा दोष त्याच्यासारख्या खेळाडूलाही महागात पडला असता.

पेठकर

मॉस्कोचा उल्लेख राहिला. २१ मे २००८, लुझ्निकी. आपल्याकडे तोवर २२ तारीख लागून पहाट होत आली होती. ज्या शहरात विदिच दीड वर्ष खेळला तिथेच चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना, समोर चेल्सी आणि त्यांचा आघाडीवीर ड्रोग्बा. दोघांची झुंज आधीपासून पेटलेली : एप्रिलमध्ये स्टॅमफर्ड ब्रिजवर ड्रोग्बाचा गुडघा तोंडावर बसून विदिच सामना सोडून गेला होता.

११६ व्या मिनिटाला बाचाबाची झाली आणि ड्रोग्बाने विदिचच्या गालावर हात मारला. लाल कार्ड. चेल्सीचा हक्काचा पेनल्टी मारणारा गेला. बरोबरी राहून निकाल पेनल्टींवर गेला तेव्हा पाचवी पेनल्टी टेरीकडे आली, त्याचा पाय घसरला, चेंडू खांबाला लागला. पुढे व्हॅन डर सारने अनेल्काची अडवली. विदिचने त्या रात्री पेनल्टी मारली नाही, गोलही केला नाही, तरी निकालावर त्याची छाप आहे.

रंकाळा

माहिती मोलाची आहे. एक व्यावहारिक प्रश्न. कोल्हापुरात तालीम संघांच्या मैदानांवर चौदा-पंधरा वर्षांची मुलं मधल्या बचावात खेळतात, आणि चेंडूला टप्पा पडू देणं ही त्यांची हमखास चूक असते. विदिचचा खेळ दाखवून त्यांना काय, किती आणि कसं शिकवावं?

बॅकलाइन

रंकाळा, क्रमाने सांगतो.

पहिल्या दोन आठवड्यांत हेडर नाहीच. फक्त अंदाज. प्रशिक्षकाने २५-३० यार्डांवरून उंच चेंडू फेकायचा किंवा मारायचा, मुलाने टप्पा पडायच्या आत त्याखाली पोहोचून दोन्ही हातांनी डोक्यावर झेलायचा. दहा चेंडू, मग विश्रांती. इथेच कळतं की कोण उशिरा निघतो. उशीर बहुतेक पायांचा नसतो, मूल चेंडू माथ्यावर येईपर्यंत जागचं हलत नाही. चेंडू मारणाऱ्याच्या पायाकडे बघायला शिकवा, चेंडूकडे नंतर.

मग एका पायावरची उडी. तीन पावलं, तिसऱ्यावर झेप, चेंडू हलका किंवा थोडी हवा कमी केलेला. कपाळाचा सपाट भाग, डोळे उघडे, हनुवटी किंचित आत. माथ्यावर चेंडू बसला तर मान दुखते आणि मूल पुढच्या वेळी घाबरतं. एका सत्रात आठ-दहा हेडर पुरेत. इंग्लंडमध्ये २०२० पासून प्राथमिक शाळेच्या वयाच्या मुलांना सरावात हेडर देऊच नये अशी सूचना आहे. लहान गटांना तेच पाळा.

तिसरा टप्पा जोडीचा. दोघांपैकी एकाने "माझा" म्हणायचं, दुसऱ्याने त्या क्षणी तीन यार्ड मागे जायचं. आवाज आला नाही तर सराव थांबवा. कडक, उघड्या मातीच्या मैदानावर टप्पा गवतापेक्षा बराच उंच उसळतो, म्हणून टप्पा पडू देण्याची शिक्षा आपल्याकडे आणखी मोठी.

आणि मुलांना विदिचचं एक कधी शिकवू नका : समोरचा पायाने चेंडू मारत असताना खाली वाकून डोकं घालणं. नियमानेही तो धोकादायक खेळ ठरू शकतो आणि फ्री किक समोरच्याला मिळते.

शिट्टी

शेवटच्या मुद्द्याला पूर्ण अनुमोदन. डोक्याला मार बसलेल्या मुलाला त्या दिवशी पुन्हा खेळवू नका, ते कितीही "बरं वाटतंय" म्हणो.

ऑफसाइड

गुडघ्याबद्दल कुणी लिहिलं नाही.

घाटमाथा

७ डिसेंबर २०११, बासेलमध्ये चॅम्पियन्स लीगचा सामना. गुडघ्याचं क्रूशिएट लिगामेंट गेलं, हंगाम संपला, युनायटेड त्याच रात्री २-१ ने हरून गटातूनच बाहेर पडलं. परतला २०१२ च्या ऑगस्टमध्ये, आणि सप्टेंबरमध्ये मेनिस्कसची (गुडघ्यातल्या कूर्चेची) शस्त्रक्रिया होऊन पुन्हा सुमारे आठ आठवडे बाहेर.

ज्याचा खेळ एका पायावरच्या झेपेवर आणि पुढे धावून लगेच मागे वळण्यावर उभा आहे, त्याच्यासाठी ही सर्वांत वाईट दुखापत. नंतरचा विदिच चार-पाच यार्ड खाली उभा राहायचा. खाली उभं राहिलं की मधल्या फळीमागे पोकळी तयार होते आणि बॉक्सबाहेरून फटके येतात. २०१२-१३ मध्ये युनायटेडने लीग जिंकली पण ४३ गोल खाल्ले. सगळं त्याच्यामुळे नाही, गोलरक्षक तरुण होता, मधली फळी उघडी होती. तरी जानेवारीत लिव्हरपूलविरुद्धच्या २-१ विजयातला दुसरा गोल त्याच्याच डोक्याला चाटून गेलेला, हेही लिहायला हवं.

कर्णधार म्हणून त्याचा खरा हंगाम २०१०-११. नेव्हिलकडून दंडपट्टी आली आणि ८ मे २०११ ला चेल्सीविरुद्ध निर्णायक सामन्यात पहिल्या मिनिटात एर्नान्देझ, मग विदिचचा हेडर, २-१. त्या हंगामाचा किताब हा क्लबचा १९ वा लीग किताब.

पेठकर

एक योगायोग सांगून थांबतो. ११ ऑक्टोबर २०११, मारिबोर. युरो २०१२ च्या पात्रतेसाठी सर्बियाला स्लोव्हेनियाविरुद्ध जिंकणं भाग होतं. ०-१ ने मागे असताना पेनल्टी मिळाली आणि ती विदिचने घेतली. गोलरक्षक हांदानोविचने अडवली. सर्बिया बाहेर, आणि विदिचने आंतरराष्ट्रीय फुटबॉल सोडलं.

३१ ऑगस्ट २०१४, तुरीन. इंटरकडून लीगमधला पहिला सामना तोरिनोविरुद्ध. विदिचने सुरुवातीलाच पेनल्टी दिली. गोलमध्ये तोच हांदानोविच, आता त्याच्याच संघात. त्याने ती अडवली. सामना ०-० सुटला, पण भरपाई वेळेत पंचांना उपरोधाने टाळ्या वाजवल्याबद्दल विदिचला लाल कार्ड मिळालं आणि शेवटची शिट्टी झाली तेव्हा तो मैदानावर नव्हता.